बाळ रात्री का उठते?

दिवाळी सरली की सिल्लोड, सोयगाव, कन्नडच्या रानात कापूस फुटतो आणि घरातल्या साऱ्या बाया वेचणीला लागतात. तीन-चार महिन्यांचे लेकरू असलेली सूनही मागे राहत नाही. मजुरी किलोवर मिळते, आणि कापूस घरचा असला तरी अवकाळीचे भय असते. लेकरू आजीजवळ राहते. मग रात्री घरात एकच तक्रार ऐकू येते : "दिवसभर कसे शहाण्यासारखे पडून असते, अन् रात्री मात्र कुणाला डोळा लागू देत नाही."

भगिनींनो, ही तक्रार तुमच्याही घरात असेल तर आधी दिवसाचा हिशेब मांडून पाहा. आईने सकाळी सातला पाजले आणि संध्याकाळी साडेपाचला पुन्हा पदराखाली घेतले, तर मध्ये साडेदहा तास गेले. अंगावरचे दूध तान्ह्या पोटात दीड-दोन तासांत पचते. नव्या बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यायचे असते. पुढे वेळा थोड्या कमी होतात, पण भूक काही संपत नाही. दिवसाचे दूध चुकले तर बाळ ते सोडून देत नाही, रात्री वसूल करते. आपण त्याला खोड म्हणतो. ती खोड नव्हे, दिवसाची बाकी आहे.

म्हणून रात्रीची झोप वाढवायची तर सुरुवात दिवसापासूनच करावी लागते. उठल्याबरोबर एकदा पाजावे आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना पुन्हा एकदा. रान जवळ असेल तर दुपारच्या भाकरीबरोबर आजीने बाळ बांधावर न्यावे. लिंबाच्या सावलीत आधी बाळाचे पिणे होऊ द्यावे, मग आईचे जेवण. कपाशीवर फवारणी झालेली असेल तर बाळाला रानात नेऊच नये. आईनेही घरी आल्यावर हात-तोंड, छाती धुऊन, लुगडे बदलून मगच त्याला घ्यावे.

रान लांब असेल तर दूध काढून ठेवता येते. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत याचा संकोच वाटतो, आणि त्याला काही कारण नाही. हात साबणाने धुवावेत, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत हाताने दूध काढावे, झाकण घालून घरातल्या गार जागी ठेवावे. उन्हाळ्यात तीन-चार तासांच्या आत ते संपवावे. आजीने वाटी-चमच्याने सावकाश पाजावे. बाटली नको, ती नीट धुतली जात नाही आणि जुलाबाचे मूळ तिथेच असते. रानात छाती दाटून आली तर आईने तिथेही थोडे दूध काढून टाकावे, नाही तर गाठ होऊन ताप येतो आणि दूधही आटू लागते.

सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज काही लागत नाही. वैशाखातसुद्धा पाणी लागत नाही, कारण दुधात बहुतेक पाणीच असते. "रात्री म्हशीचे दूध दिले, बिस्कीट कालवून चारले, की पोट जड होऊन झोपते" असे सांगणाऱ्या शेजारणी प्रत्येक गल्लीत असतात. त्यांचे ऐकू नका. त्याने झोप वाढते याला आधार नाही. जुलाब मात्र लागतात. सहा महिन्यांनंतर मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, ज्वारीची घट्ट पेज तेलातुपाचा थेंब घालून अवश्य सुरू करावी, पण ती वाढीसाठी. तेव्हाही बरीच बाळे रात्री एक-दोनदा उठतात.

आता जरा कटू विषय. झोपेसाठी अफू. १९२०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया लेकराला 'बाळागोळी' चाटवून कामावर जात. त्या काळच्या सरकारी अहवालांत याची नोंद आहे. आईला वाईट म्हणण्याचे कारण नाही, पाळी भरली नाही तर चूल पेटत नव्हती. पण अफूने बाळ झोपत नाही, त्याला गुंगी येते. भूक मरते, श्वास मंदावतो, आणि एखाद्या वेळी तो थांबतो. आज अफू मिळत नाही, तर तिची जागा सर्दी-खोकल्याच्या बाटलीने घेतली आहे. "चमचाभर दिले की निवांत निजते" हे बोल ऐकले की अंगावर काटा येतो. त्यातल्या एका नेहमीच्या मिश्रणावर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे छापण्याचा आदेश २०२३ मध्ये औषध नियंत्रकांना काढावा लागला. मधाचे चाटणही वर्षाच्या आत नको.

जास्त झोप सगळ्याच बाळांच्या हिताची नसते. अडीच किलोहून कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ भूक लागली तरी रडत नाही. त्याच्यात तेवढे बळच नसते. "किती गुणी आहे, उठतच नाही" असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि ते तिकडे वाळत असते. अशा बाळाला पहिले काही आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, तळपाय चोळून उठवावे आणि पाजावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत हेच दाखवून दिले. गावातल्याच बायकांनी शिकून घरोघर तान्ह्यांची देखभाल केली आणि नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. २०११ पासून देशभर आशाताई याच धर्तीवर घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्यांच्या फेऱ्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी असतात. त्या आल्या की वजन करून घ्या आणि रात्रीचे पाजणे कसे चालले आहे तेही सांगा.

बाळ चांगले वाढत असेल, दिवसरात्रीत सहा तरी लंगोट ओले करत असेल, तर रात्रीची घडी अशी बसवून पाहा. रानातून आल्यावर आईने तांब्याभर पाणी प्यावे आणि भाकरीला बसण्याआधी दोन्ही अंगांना पाजावे. संध्याकाळी बाळ पुन्हा पुन्हा मागते, तेव्हा देत राहावे. आईने स्वतः आडवे होण्यापूर्वी, दहाच्या सुमारास, अर्धवट झोपेतल्या बाळाला उचलून एकदा पाजावे. पुष्कळ घरांत एवढ्यानेच पहिली झोप लांबते. मध्यरात्री उठले तर मोठा दिवा लावू नये, बोलू-खेळवू नये, मोबाईलचा उजेड नको. एका अंगाचे पिणे झाले की ओले दुपटे बदलावे, मग दुसऱ्या अंगाला घ्यावे, म्हणजे पिता पिता ते झोपेत उतरते. ढेकर काढून उताणे निजवावे. तोंडावर गोधडी येऊ देऊ नये. दारू प्यालेल्या माणसाच्या शेजारी बाळ कधीही निजवू नये. दोन-तीन महिन्यांचे झाले की बाळाला दिवस-रात्र कळू लागते. त्याआधी घाई करून उपयोग नाही.

रात्रीचे पाजणे आईच्याही कामाचे आहे. रात्री दूध उतरवणारा रस अंगात जास्त असतो, म्हणून या वेळच्या पाजण्याने दूध टिकते. पाळी आलेली नाही, बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे आणि ते फक्त अंगावरच पिते, तोवर पुन्हा दिवस राहण्याचा संभव फार कमी असतो. पण त्यासाठी दोन पाजण्यांत दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून जास्त अंतर पडता कामा नये. वेचणीला जाणाऱ्या आईचे हे गणित मोडते. तिने त्यावर विसंबू नये, दवाखान्यात विचारून दुसरा उपाय घ्यावा.

राहिली आईची झोप. घरधनी म्हणतील, "दूध काही आम्ही पाजू शकत नाही." खरे आहे. पण रडणारे बाळ उचलून आईजवळ देणे, लंगोट बदलणे, ढेकर काढणे यांना कुणाचीही छाती चालते. लाईट रात्रीची असली की हेच गडी दारे धरायला दोन वाजता उठतातच ना! पहाटे चारचे पिणे झाले की बाळ आजीने किंवा बापाने घ्यावे आणि सुनेला सहापर्यंत निजू द्यावे. पाणी भरणे आणि पहिल्या भाकरी तेवढे दिवस जावेने किंवा नणंदेने केल्या तर घराचे काही बिघडत नाही.

आणि एक. रोज पिणारे बाळ एकाएकी प्यायचे बंद झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त चालू लागला किंवा हलवूनही जागे होईना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठा; वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी, पदराच्या उबेत धरा.