मोटारीची नाडी आणि आंकड्यांची पारख

वैद्य रोग्याची नाडी पाहतो, तेव्हां तो केवळ ठोके मोजीत नाहीं. रोगी आतांच धांवत आला आहे कीं अंथरुणावर पडून आहे, हेंही तो विचारतो. आंकडा एकच असला तरी त्याचा अर्थ दोन्ही वेळीं निराळा होतो. ही साधी गोष्ट एका मोटारीच्या निमित्तानें आम्हांस नव्यानें शिकावी लागली. ती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील सेनगांव तालुक्यांत हळदीची शेती करितात. एका वर्षाच्या हळदीच्या पैशांतून त्यांनीं पुण्याहून एक जुनी संकरित मोटार विकत आणली. ती हौसेखातर नव्हे. त्यांच्या वृद्ध मातोश्रींस उपचारांसाठीं आठवड्यांतून दोन वेळां नांदेडास न्यावें लागतें, आणि एस.टी.चा प्रवास त्यांस आतां सोसवत नाहीं. गाडी जुनी, तेव्हां तिच्या आंत काय चाललें आहे तें कळावें म्हणून थोरल्या मुलानें बाजारांतून एक लहान अंकदर्शक मागविला व स्वतःच बसविला. तिसऱ्याच दिवशीं वडिलांनीं मोटार चालविणें बंद केलें. दोन फेऱ्या भाड्याच्या जीपनें झाल्यावर ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, गाडी रात्रभर थंड उभी असते, तरी सकाळीं बॅटरीचा ताप बहात्तर दाखवितो. अशा गाडींत आईला कसा नेऊं?”

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं ही मोटार म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. संकरित, म्हणजे लोक जिला हायब्रिड म्हणतात, अशा मोटारींत पेट्रोलचें इंजिन व विजेची मोटर अशीं दोन बळें एकत्र नांदतात. चढावर दोन्ही मिळून जोर लावितात. उतारावर व ब्रेक दाबतांना विजेची मोटर उलट जनित्राचें काम करिते, आणि जी गति एरवीं ब्रेकच्या उष्णतेंत वायां गेली असती ती विजेच्या रूपानें बॅटरींत सांठविते. गाडी थांबली कीं इंजिन आपोआप बंद होतें. जपानांतील टोयोटा कंपनीनें १९९७ सालच्या डिसेंबरांत ‘प्रियस’ ही अशी मोटार विक्रीस काढली. भारतांत २००८ सालीं होंडा कंपनीची संकरित सिव्हिक व २०१० सालीं प्रियस आली. २०१३ पासून संकरित कॅमरी कर्नाटकांतील बिडदी येथें जोडली जाऊं लागली. ज्या किर्लोस्कर घराण्यानें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, त्याच घराण्याचें नांव बिडदीच्या या कारखान्यास जोडलेलें आहे. ३१ जुलै २०२४ रोजीं त्याच कंपनीनें आपल्या मराठवाड्यांत, छत्रपति संभाजीनगर येथें, कारखाना काढण्याविषयीं महाराष्ट्र सरकाराशीं सामंजस्य करार केला. तेव्हां ही विद्या आमच्या मुलांच्या दाराशीं येऊन ठेपली आहे.

अशा मोटारींत बॅटऱ्या दोन असतात. एक बारा व्होल्टची लहान; ती दिवे व संगणक चालविते. दुसरी मोठी, तिचा दाब पुष्कळ मोटारींत दोनशें व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. मूळ फलकावर या मोठ्या बॅटरीचें एक चित्र व त्यांत कांहीं पट्ट्या दिसतात. ती किती तापली आहे, हें बहुधा तेथें कळत नाहीं. प्रकरण हाताबाहेर गेल्यावर एकदम तांबडा दिवा लागतो. बाजारांतील अंकदर्शक घेण्याचें प्रयोजन हेंच: दिवा लागण्यापूर्वीं कळावें.

हा अंकदर्शक बसविण्यासाठीं मोटारीची एकही तार तोडावी लागत नाहीं. सुकाणूचाकाच्या खालीं, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा घरांचें एक सॉकेट असतें. अमेरिकेंत १९९६ सालापासूनच्या मोटारींत तें सक्तीचें झालें. भारतांत ही निदानपद्धति २०१० व २०१३ सालीं दोन टप्प्यांनीं लागू झाली. त्यांतील सोळाव्या घरांत लहान बॅटरीचें धन टोंक, चौथ्या व पांचव्यांत ऋण टोंक, आणि सहाव्या व चौदाव्या घरांत मोटारींतील संगणक ज्यांवरून एकमेकांशीं बोलतात त्या दोन तारा येतात. या बोलण्याची ‘कॅन’ नांवाची रीति जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८६ सालीं जगापुढें मांडली.

बसवितांना चार पथ्यें पाळावींत. पहिलें, नारिंगी रंगाच्या जाड तारांस कधींही हात लावूं नये; त्या मोठ्या बॅटरीच्या असून त्यांतील दाब प्राणघातक आहे. दुसरें, उपकरणाची केबल पेडलांपासून व सुकाणूच्या दांड्यापासून दूर बांधून घ्यावी. पडदा रस्ता झांकणार नाहीं व एअरबॅगच्या झांकणावर येणार नाहीं, असा खालीं बसवावा. तिसरें, संकरित मोटार चालू असूनही निःशब्द असते, आणि तिचें इंजिन न सांगतां सुरू होतें. म्हणून हें काम बंद गोठ्यांत वा खोलींत न करितां उघड्यावर करावें, व गाडी पार्किंगमध्यें घालून हातब्रेक ओढावा. चौथें, सोळाव्या घरांत वीज अहोरात्र असते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर उपकरण काढून ठेवावें, नाहीं तर लहान बॅटरी उतरते व गाडी सुरूच होत नाहीं.

बसविणें दहा मिनिटांचें काम. खरें काम पुढें आहे. अंकदर्शक स्वतः कांहींच मोजीत नाहीं. तो मोटारींतील संगणकास प्रश्न विचारतो आणि आलेलें उत्तर आपल्यास वाचून दाखवितो. ही मोटार कोणत्या जातीची, हें त्यास प्रथम सांगावें लागतें. आमच्या पालकांच्या उपकरणास ‘साधें पेट्रोल’ असें सांगितलेलें होतें. त्यामुळें हिंगोलीच्या चौकांत गाडी थांबून इंजिन बंद झालें कीं प्रवास संपला असें समजून तें झोपीं जाई. यादींतून ‘हायब्रिड’ निवडतांच ही खोड गेली. त्यानंतर इंजिन किती लिटरचें व टाकी किती लिटरची, हें सांगावें. पेट्रोलच्या खर्चाचा आंकडा मात्र पंपावर ताडून पाहावा: टाकी पूर्ण भरावी, कांहीं दिवस गाडी चालवावी, व पुन्हा पूर्ण भरावी. उपकरण २० लिटर खर्च झाले म्हणतें आणि पंपावर २२ लिटर भरले गेले, तर उपकरणास दहा टक्के वाढ सांगावी.

आतां उत्तरें कशीं येतात तें पाहा; आमच्या विद्यार्थ्यांस यांत गणिताची मौज वाटेल. इंजिनाच्या पाण्याचें उष्णमान संगणक ० ते २५५ यांमधील एकाच संख्येनें कळवितो. पण हिमप्रदेशांत उष्णमान शून्याखालीं जातें, आणि ऋण संख्या तर पाठवितां येत नाहीं. म्हणून संगणक मूळ उष्णमानांत ४० मिळवून पाठवितो, व उपकरण ते ४० वजा करितें. १२८ ही संख्या आली तर पाणी ८८ अंशांवर आहे. इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे एका संख्येंत मावत नाहींत, म्हणून दोन संख्या येतात: पहिलीस २५६ नें गुणावें, दुसरी मिळवावी व चारानें भागावें. १९ आणि १३६ या आल्या तर ५००० होतात, म्हणजे फेरे १२५०.

हीं सूत्रें सर्व कंपन्यांस समान आहेत. मोठ्या बॅटरीच्या उष्णमानाचें मात्र तसें नाहीं. त्याचा प्रश्न व त्याचें सूत्र प्रत्येक कंपनीचें निराळें असतें, आणि मालकानेंच तें उपकरणांत अंकांच्या ओळीनें भरावें लागतें. ओळींतील एक अंक चुकला तरी उपकरण तक्रार करीत नाहीं. तें निर्विकारपणें चुकीचा आंकडा दाखवितें, आणि चुकीचा आंकडाही खऱ्या आंकड्याइतकाच ठळक दिसतो.

मग खरेंखोटें कसें ओळखावें? रात्रभर सांवलींत उभ्या असलेल्या मोटारींत इंजिनाचें पाणी, आंत येणारी हवा व बॅटरी हीं सर्व भोंवतालच्या हवेइतकींच निवालेलीं असतात. मार्च महिन्यांतील एका सकाळीं सहा वाजतां नववीचे चार विद्यार्थी व शाळेंतील उष्णतामापक घेऊन आम्ही त्या पालकांच्या घरीं गेलों. उष्णतामापक २२ अंश दाखवीत होता. अंकदर्शकावर पाणी २२, हवा २३, आणि बॅटरी ७२. वडिलांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं बॅटरीच्या बाहेरील आवरणाजवळ हात नेला. तें गार होतें. इतक्यांत एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, बावीसला नवानें गुणून पांचानें भागलें आणि बत्तीस मिळविले तर?” फळ्याविना तोंडीं हिशेब झाला: ७१.६. बॅटरी तापली नव्हती. तिचें उष्णमान तेवढें फॅरनहाइट मापांत दिसत होतें! मुलानें कोठून तरी उतरून घेतलेलें सूत्र त्या मापाचें होतें. सेल्सियस मापाचें सूत्र भरतांच आंकडा २२ झाला. त्याच दिवशीं मातोश्री आपल्या गाडीनें नांदेडास गेल्या.

येथेंच गोष्ट संपती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. एप्रिलमध्यें ते गृहस्थ पुन्हा आले. “गुरुजी, आंकडा आतां खरा आहे ना? नांदेडाहून परत येतांना, अर्धापूर सोडल्यावर, तो एकोणपन्नास झाला आणि मागच्या आसनाजवळ पंखा घोंघावूं लागला.” आतां आंकडा पारखलेला होता, म्हणून तो थट्टेवारी नेतां येईना. त्या मोटारींत बॅटरीस थंड करणारी हवा मागच्या आसनाजवळील एका जाळींतून आंत जाते. आम्हीं पाहिलें, तों मातोश्रींस टेकण्यासाठीं ठेवलेल्या गोधडीनें ती जाळी पूर्ण झांकली गेली होती. जाणत्या मेकॅनिकाकडून गाडी बंद करून जाळी उघडविली, तेव्हां आंतील गाळणी धूळ, कापसाचे तंतु व हळदीची पूड यांनीं गच्च भरलेली निघाली. ती साफ झाली, गोधडी हलली, आणि पुढच्या फेरीस तशाच उन्हांत आंकडा ४१ च्या वर गेला नाहीं. अति उष्णतेनें अशा बॅटरीचें आयुष्य घटतें. ती बदलण्याचा खर्च हळदीच्या एका हंगामास जड गेला असता.

त्यांची आणखी एक शंका होती: बॅटरी कधींच शंभर टक्के कां भरत नाहीं? याचें उत्तर असें कीं, ती भरूं नये हीच योजना असते. अशा मोटारींतील संगणक बॅटरीचा भार सामान्यतः ४० ते ८० टक्क्यांच्या मध्यें राखतो. कांठोकांठ भरली तर उतारावरची वीज घेण्यास जागा राहत नाहीं, आणि रिकामी झाली तर चढावर मदत होत नाहीं. शिवाय दोन्ही टोंकें तिच्या आयुष्यास बाधक आहेत. म्हणजे येथें ६० हा आंकडा नापासाचा नसून निरोगीपणाचा आहे.

पालकहो, आज आंकडे आपल्यापुढें चोहोंकडून येतात: मोटारीचे, औषधांचे, बाजारभावांचे, आणि आमच्या प्रगतिपुस्तकांतील गुणांचेही. प्रत्येकास तीन प्रश्न विचारावेत. हा कोणी मोजला? कोणत्या मापांत मोजला? आणि दुसऱ्या कोणत्या मापानें तो ताडून पाहिला? न पारखलेल्या आंकड्यानें एक चांगली गाडी उगाच उभी राहिली. पारखलेल्या आंकड्यानें तीच वांचली.

त्या वृद्ध माता अजूनही आठवड्यांतून दोनदां नांदेडास जातात. गोधडी आतां त्यांच्या मांडीवर असते.