उलांडीची होडी पळते जोरात, पण उलटली तर?
मालवणच्या किनाऱ्यावर होडीच्या एका बाजूला बांधलेली उलांडी पाहिलीय ना? दोन्ही बाजूंना लावली की झाली ट्रायमरान! तोल रुंदी सांभाळते, तळाशी वजन लागत नाही, म्हणून शर्यतीत ती सुसाट.

वाऱ्याचा झोत आला की साधी शिडाची बोट कलते आणि वारा निसटतो. ट्रायमरान फारशी कलतच नाही. सगळा ताण डोलकाठीवर आणि तिला धरणाऱ्या तारांवर. शीड वेळेत ढिलं केलं नाही तर काहीतरी तुटतं, नाहीतर बोट उलटते. आणि उलटली की उलटीच राहते.

गोव्यात बांधलेली अभिलाष टॉमींची ‘थुरिया’ साधीच, संथ बोट. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठी मोडली. पण तळाच्या वजनाने पुन्हा सुलटी झाली. पाठ जायबंदी झालेले टॉमी सुटका होईपर्यंत तीन दिवस तिच्यातच होते.