हँडलाचा झटका आणि स्टीअरिंग डॅम्पर : खरेदीपूर्वीचा विचार

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने मोटरसायकलीच्या एका लहानशा उपकरणाविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जी वस्तू आज आपल्या घरातील तरुण मागत आहेत आणि जिचे बिल अखेर वडीलधाऱ्यांपुढेच येते, तिची पारख आपण करू नये तर कोणी करावी? २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० या गाड्या बाजारात आल्या. तेव्हापासून खडकाळ व कच्च्या वाटांवर चालणाऱ्या उंच मोटरसायकली मध्यम ऐपतीच्या घरांतही दिसू लागल्या. बंगळूरचे सी. एस. संतोष यांनी २०१५ साली डकार ही जगातील खडतर शर्यत पुरी केली; तसे करणारे ते पहिले भारतीय होत. २०२४ साली केरळचे हरित नोआ याच शर्यतीत 'रॅली २' या वर्गात पहिले आले. अशा वार्ता वाचून मुलांस उमेद येणे स्वाभाविक आहे. त्या शर्यतींच्या गाड्यांवर स्टीअरिंग डॅम्पर सर्रास दिसतो, म्हणून तो आपल्याही गाडीस हवा, असा आग्रह घरात सुरू होतो. या मागणीस होय म्हणावे की नाही, याचा विवेक करण्यापुरती माहिती येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न केवळ पैशाचा नाही. भरवेगात हँडल हातातून सुटले तर जिवावर बेतते.

प्रथम झटका का बसतो ते पाहू. आमच्या खजुरीच्या शिवारातील काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात दगडासारखी वाळते. ओल्या दिवसांत ट्रॅक्टरने व बैलगाडीने पाडलेल्या चाकोऱ्या चैत्र-वैशाखात कठीण कडा घेऊन उभ्या राहतात. मोटरसायकलीचे पुढचे चाक अशा कडेवर तिरके आदळले, की हँडल एका बाजूस फेकले जाते. मोटरसायकलीचा पुढचा दांडा मुद्दाम कललेला ठेवलेला असतो. त्यामुळे चाक जमिनीस जेथे टेकते तो बिंदू वळणाच्या आसाच्या रेषेमागे राहतो, आणि हातगाडीच्या फिरत्या चाकाप्रमाणे पुढचे चाक आपोआप सरळ होऊ पाहते. हा गुण चालकाचा मित्र होय. परंतु सरळ होताना चाक मध्यावर न थांबता पलीकडे गेले, तेथून पुन्हा अलीकडे आले, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत गेला, तर हँडल सेकंदाला सुमारे चार ते दहा वेळा थरथरते. एवढ्या जलद हालचालीस मनुष्याचे हात पुरे पडत नाहीत.

या थरथरीस आवर घालणारे साधन म्हणजे स्टीअरिंग डॅम्पर. त्याचे तत्त्व आपल्या व्यवसायातील माणसास चटकन समजावे असे आहे. इलेक्ट्रॉनिक काटे येण्यापूर्वी तबकडीचे जे मोठे वजनकाटे वापरात होते, त्यांच्या आत तेलाची एक डबी व तीत एक दट्ट्या असे. पोते ठेवताच सुई मागेपुढे झुलू लागे, आणि तेलातून सरकणारा दट्ट्या तो झोका शोषून घेई. तेल कमी झाले तर सुई बराच वेळ नाचत राही. रोध अति झाला तर सुई जड होऊन खऱ्या आकड्यावर यावयास विलंब लावी. उत्तम काटा तो, की ज्याची सुई एक-दोन झोक्यांत स्थिर होते आणि तरीही किलोभर फरकास दाद देते. मोटरसायकलीच्या डॅम्परासही हीच कसोटी लावावी. त्याने हँडल धरून ठेवावयाचे नाही, केवळ त्याचा झोका शोषावयाचा आहे.

या साधनाचे मुख्य प्रकार तीन. पहिला घर्षणाचा. जुन्या बुलेट आणि म्हैसूरच्या जावा गाड्यांवर हँडलाच्या मध्यभागी एक गोल खुंटी असे. ती पिळली की आतील चकत्या आवळल्या जात व हँडल जड होई. यातील उणीव अशी, की हा रोध सावकाश वळतानाही तितकाच आणि झटक्याच्या वेळीही जवळजवळ तितकाच राहतो. दुसरा प्रकार सरळ दांड्याचा, तेल भरलेल्या नळीचा. तेल हळू ढकलले तर सहज वाट देते, जोराने ढकलले तर अडवून धरते. म्हणून वळताना हात मोकळा राहतो आणि झटका मात्र अडतो. डांबरी रस्त्यावरील वेगवान गाड्यांस तो शोभतो. परंतु त्याचा चकचकीत दांडा उघडा असल्याने चिखलधूळ त्याच्या सीलास खाते. शिवाय कच्च्या वाटेवरील गाडीचे हँडल दोन्ही बाजूंस पुष्कळ फिरावे लागते, आणि आखूड दांडा ते फिरणे मध्येच अडवतो. तिसरा प्रकार फिरत्या पात्याचा. यात तेल बंद डबीत असते, डबी हँडलाजवळ बसते आणि धुळीपासून ती बरीच सुरक्षित राहते. रानवाटेच्या गाडीस सामान्यतः हाच प्रकार योग्य होय. होंडा कंपनीने २००८ सालच्या आपल्या सीआरएफ ४५० आर या मातीच्या शर्यतीच्या गाडीवर कारखान्यातूनच डॅम्पर बसवून दिला होता, यावरून या साधनाची उपयुक्तता लक्षात येते.

फिरत्या पात्याच्या डॅम्परांतही भेद आहेत. काहींत हँडल मध्यापासून दूर जाताना रोध होतो व परत येताना ते मोकळे असते. काहींत दोन्ही बाजूंस रोध होतो. वळणावळणाच्या वाटेवर चालकास हँडल लवकर सरळ करावे लागते, म्हणून तेथे पहिली तऱ्हा बरी. अमेरिकेच्या स्कॉट्स कंपनीच्या डॅम्परास सावकाश हालचालीचा रोध, अचानक झटक्याचा रोध, आणि मध्यापासून किती अंशांपर्यंत रोध राहावा याची मर्यादा, अशा तीन गोष्टी स्वतंत्रपणे जुळवता येतात. किमान रोध कमी-अधिक करण्याची सोय ज्यात नाही, असा डॅम्पर घेऊ नये. परदेशी मालाची किंमत, जकात व बैठकीचे सामान धरून हिशेब अनेक दहा हजारांच्या घरात जातो, हेही ध्यानी असावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काट्याची सुई थरथरते म्हणून तिच्यावर बोट ठेवून वजन वाचणारा तोलारी आपण ठेवणार नाही. आधी काटा समपातळीत आहे की नाही ते पाहू. त्याचप्रमाणे ज्या गाडीचे हँडल नेहमीच्या साध्या रस्त्यावर थरथरते, तिला डॅम्पर लावणे म्हणजे रोग झाकणे होय. गाडी स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे. पुढचे दोन्ही पाइप खालून धरून मागेपुढे हलवावे. खटखट जाणवली तर कोनसेट ढिला आहे. हँडल सावकाश डावी-उजवीकडे न्यावे. मध्यावर खाच लागल्यासारखे अडकले तर कोनसेटच्या गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत, तो बदलावा. चाक फिरवून रिम वाकडी नाही ना, तारा ढिल्या नाहीत ना, हे पाहावे. टायरची हवा, त्याची एकसारखी झीज आणि पाइपांतील तेल तपासावे. मागे जड पेट्या बांधल्या की पुढचे चाक हलके होते व थरथर वाढते. सामान कमी करून पुढे आणावे. या तपासणीस फारसा खर्च नाही, आणि पुष्कळ वेळा दोष येथेच सापडतो.

गाडी निर्दोष ठरल्यावर गरजेचा विचार करावा. शेतापर्यंत जाणे-येणे, चिखलातून मंद गतीने चालणे, गावाहून आळंदपर्यंतची फेरी, यांस डॅम्परची आवश्यकता नाही. राजस्थानची वाळू, लडाख-स्पीतीचे गोटे, खडकाळ वाटेवरील लांब पल्ल्याची वेगवान दौड, किंवा शर्यतीचा सराव, हा ज्याचा नित्यक्रम असेल त्याचे मनगट व खांदे यामुळे थकत नाहीत आणि अवचित झटक्यात तो सावरतो. त्यास ही वस्तू अवश्य द्यावी.

बसवताना गाडीच्या नेमक्या नमुन्यासाठी बनवलेली बैठकच मागावी. डॅम्परची एक टोकाची खुंटी सांगाड्यास पकडते. ती वेल्डिंगने चिकटवण्याचा सल्ला देणारा कारागीर टाळावा. कारण सांगाड्याचा हा भाग सर्वाधिक ताण सोसतो, आणि पुष्कळ गाड्यांचा चासी नंबरही तेथेच कोरलेला असतो. बोल्टाने आवळणारी बैठक घ्यावी. बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण फिरते की नाही, वायर व केबल ताणल्या जात नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

शेवटी जुळवणीविषयी. प्रथम किमान रोधावर ठेवावे, ओळखीच्या वाटेवर चालवावे आणि एकेक खाच वाढवावी. मंद गतीत गाडी सरळ राहण्याऐवजी झुलू लागली, तर रोध जास्त झाला आहे. ब्रिटिश संशोधक रॉबिन शार्प यांनी १९७१ साली मोटरसायकलीच्या स्थैर्याचे गणित मांडले. त्यावरून असे दिसते, की डॅम्पर पुढच्या चाकाची जलद थरथर शमवतो. परंतु रोध वाढवत गेल्यास भरवेगात संपूर्ण गाडीचे संथ नागमोडी हेलकावे वाढू शकतात. अधिक म्हणजे अधिक सुरक्षित, हा हिशेब येथे लागू नाही.

डॅम्पर असो वा नसो, हँडल थरथरू लागल्यास काय करावे हे प्रत्येक चालकास माहीत असलेच पाहिजे. हात ताठ करू नयेत, एकाएकी ब्रेक दाबू नये. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, हात सैल ठेवावेत आणि वेग हळूहळू उतरू द्यावा. ही शिकवण विकत घ्यावी लागत नाही. आमची सभासद बंधूंस विनंती एवढीच, की मुलाने डॅम्पर मागितला तर त्यास एकदम नकारही देऊ नये व एकदम चेकही देऊ नये. त्याच्यासह गाडीजवळ जावे, पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल हलवून पाहावे. पुढचा निर्णय मग दोघांनी मिळून घ्यावा.