स्पर्धेचे दडपण आणि मुलामुलींची कामगिरी

हदगाव तालुक्यातील शाळा लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात. मार्च २०२४ च्या माध्यमिक शालान्त परीक्षेत राज्यातील ९७.२१ टक्के मुली व ९४.५६ टक्के मुलगे उत्तीर्ण झाले. मुलींची ही आघाडी नवी नाही. तथापि अशाच एखाद्या मुलीस लातूरच्या शिकवणी-वर्गास धाडण्याचा प्रश्न निघाला, की ‘तिला स्पर्धा झेपेल काय?’ अशी शंका घरात डोके वर काढते.

या दोन परीक्षांची जात भिन्न आहे. शालान्त परीक्षेत एकाच्या यशाने दुसऱ्याचे यश उणावत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये मात्र आपले स्थान इतरांच्या गुणांवर अवलंबून असते. म्हणून पहिलीतील आघाडीवरून दुसरीविषयी अनुमान काढणे धोक्याचे होय, आणि केवळ शंकेवरून मुलीस घरी बसविणे त्याहूनही.

या विषयावरील प्रसिद्ध प्रयोग उरी ग्नीझी व आल्दो रुस्तिकिनी यांनी इस्रायलमध्ये केला (२००४). चौथीतील मुले प्रथम एकेकटी चाळीस मीटर धावली, तेव्हा मुलगे व मुली यांच्या वेगात लक्षणीय अंतर नव्हते. पुढे जोडीने धावताना मुलग्यांचा वेग वाढला, मुलींचा वाढला नाही. हा स्वभावधर्मच, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात सात ते दहा वर्षांची मुले धावणे, दोरीच्या उड्या व नृत्य या तिन्हींत स्पर्धेस सारखाच प्रतिसाद देताना आढळली.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. स्पर्धेत उतरण्याची इच्छा निराळी आणि उतरल्यानंतरची कामगिरी निराळी. पहिलीसंबंधी मेघालयातील निरीक्षण (२०१३) बोलके आहे. चेंडू बादलीत टाकण्याच्या खेळात मोबदला स्वतःच्या यशावर घ्यावा की प्रतिस्पर्ध्याशी चढाओढ करून, हे मुलांनीच ठरवावयाचे होते. मातृवंशीय खासी समाजात मुलगे व मुली यांच्या निवडीत फरक आढळला नाही. शेजारच्या पितृसत्ताक समाजात तो वयात येण्याच्या सुमारास उघड झाला. अंतर जन्मजातच असते, तर ते एका समाजात दिसावे व शेजारी दिसू नये, याचा उलगडा होत नाही.

मराठवाड्यातील समाज पितृसत्ताकच आहे. पण म्हणून मेघालयाचा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षा काही वर्षे पाचवी व आठवीत होत असे, म्हणजे वयात येण्याच्या अलीकडे व पलीकडे. त्या दोन्ही परीक्षांस हदगावातून बसलेल्या मुलींचे प्रमाण प्रथम पाहावे, गुणांची तुलना नंतर करावी. त्यातही, आठवीस न बसलेली मुलगी स्पर्धेस बिचकली, की पुढील वर्ग असलेली शाळा दुसऱ्या गावी व एस.टी. वेळेवर नाही म्हणून मागे राहिली, हे घरोघर विचारल्याखेरीज कळणार नाही.