मॉलमध्ये बसायचं कुठे?

‘रविवारी काय प्लॅन?’
‘मॉल.’
‘काय घ्यायचंय?’
‘काहीच नाही!’

कॉलेजच्या कुठल्याही ग्रुपवर हे चार मेसेज महिन्यातून एकदा तरी पडतातच. घ्यायचं काही नसतं, खिशातही फार काही नसतं, तरी पाय तिकडेच वळतात. एसी असतो, स्वच्छ टॉयलेट असतं, मुलं-मुली एकत्र बसले म्हणून कुणी टोकत नाही. मॉल म्हणजे आपला एसी कट्टा! पण हल्ली या कट्ट्यावर एक गोष्ट खटकायला लागलीय. दुकानं दर वर्षी नवी येतात, बसायच्या जागा मात्र कमी होत जातात. हे असं का, ते शोधायला निघाले आणि सुरुवात घरापासूनच झाली.

एसी खायला जाऊ

मी भांडुपची. शेजारी मुलुंडला एलबीएस मार्गावर आर मॉल आणि निर्मल लाइफस्टाईल आले तेव्हा मी फार तर चालायला शिकत असेन. नंतर शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली आणि दुपारी घरातला पंखा गरम हवा फेकायला लागला की आई म्हणायची, ‘चल, एसी खायला जाऊ.’ बस पकडून मुलुंड. सरकत्या जिन्यापाशी ती एका हाताने साडीच्या निऱ्या उचलायची, दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरायची आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत आम्ही पाय टाकायचो. खरेदी? झाली तर एखादा हेअरबँड. उन्हं उतरली की परत घरी. आपण इथे गिऱ्हाईक आहोत की नुसतेच बघे, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

पण मुंबईतल्या मॉलला हा प्रश्न अगदी सुरुवातीपासून पडलेला आहे.

साठ रुपयांचं तिकीट

१९९९मध्ये ताडदेवला, हाजी अलीजवळ, क्रॉसरोड्स सुरू झाला. मुंबईसाठी ही चीजच नवी. मॉल बघायला इतकी झुंबड उडाली की आत सोडायला अट आली : मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरा. आज हसू येतं. पण तेव्हा मोबाइलवर आलेला कॉल उचलायलाही पैसे पडायचे. म्हणजे अटीचा सरळ अर्थ होता, ज्यांना परवडतं त्यांनीच या. टीका झाली, अट मागे घ्यावी लागली. पुढे या मॉलचं नाव सोबो सेंट्रल झालं, मग एकेक दुकान उठत गेलं. ज्या दारावर गर्दी आवरत नव्हती, तिथे शेवटी शुकशुकाट झाला.

तिथून थोड्याच अंतरावर, लोअर परळला, उलटा प्रयोग झाला. फिनिक्स ही १९०५ची कापड गिरणी. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव त्यातून पुन्हा उभं राहिलं नाही. पुढे याच गिरणीच्या आवारात दुकानं आली, २००१मध्ये बिग बझार आलं. किशोर बियाणींनी एक गोष्ट बरोब्बर हेरली होती. चकाचक, मोकळं मोकळं दुकान बघून मध्यमवर्गीय माणूस दारातच बिचकतो. म्हणून बिग बझारमध्ये मुद्दाम बाजारासारखी दाटी ठेवली, तांदूळ हातात घेऊन बघता येईल अशी सोय केली. २६ जानेवारी २००६ला त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा काही ठिकाणी गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. २०२२मध्ये रिलायन्सने बिग बझारच्या दुकानांचा ताबा घेतला आणि ती पाटी दिसेनाशी झाली. गिरणीची चिमणी मात्र आवारात अजून उभी आहे. आता तिच्या शेजारी पॅलेडियम आहे आणि परदेशी ब्रँड.

फूड कोर्ट वरच का?

कधी विचार केलाय, फूड कोर्ट आणि थिएटर कायम वरच्याच मजल्यावर का असतं? भूक लागली की आपण वर जाणारच. जाता-येता प्रत्येक मजल्यावरची दुकानं डोळ्यांखालून जातात. पुष्कळ ठिकाणी एक जिना संपला की दुसरा पकडायला अर्धा मजला वळसा घालावा लागतो, तोही उगाच नाही. मोठ्या दुकानाला मॉल कमी भाड्यात जागा देतो, कारण ते माणसं खेचतं. त्या माणसांच्या वाटेवरची छोटी दुकानं जास्त दराने भाडं भरतात. म्हणजे आपण काहीच विकत घेतलं नाही तरी आपलं नुसतं तिथून चालणंही मॉलच्या हिशेबात धरलेलं असतं!

गंमत म्हणजे ज्या माणसाने हा बंदिस्त मॉल जन्माला घातला, त्याला दुकानांपेक्षा चौकाचं वेड होतं. व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुविशारद. त्याने १९५६मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात साउथडेल सेंटर बांधलं. संपूर्ण छताखालचा, आतलं हवामान कायम सारखं राखणारा हा पहिला मॉल समजला जातो. गाडीशिवाय पान न हलणाऱ्या उपनगरात लोकांना भेटायला, रेंगाळायला चौक मिळावा, भोवती घरं आणि शाळा असाव्यात, असं त्याचं स्वप्न होतं. दुकानं आणि पार्किंग तेवढं सगळीकडे कॉपी झालं, बाकीचं राहिलं. शेवटी तो स्वतःच मॉलवर नाराज झाला.

मॉल मरतात कसे?

मुलुंडचा निर्मल लाइफस्टाईल आज नाही. मॉल बंद पडला की आपण लगेच ऑनलाइन शॉपिंगकडे बोट दाखवतो. ते कारण आहेच, पण एकटं नाही. मुंबई-पुण्यात अनेक बिल्डरांनी मॉलमधले गाळे सुटे सुटे विकून टाकले. शंभर गाळे, शंभर मालक. कुणी मोबाइल रिपेअरिंगला दिला, कुणी क्लासला, कुणी कुलूप लावून ठेवला. कुठलं दुकान कुठे असावं हे ठरवणारं कुणी नाही, एसी-लिफ्टच्या खर्चावरून रोजची भांडणं. अशा मॉलमध्ये आधी सरकता जिना बंद पडतो आणि मग माणसं. टिकले त्यातले बहुतेक मॉल असे, जिथे सगळी जागा एकाच मालकाची आणि दुकानं भाड्याची.

टिकलेल्यांनीही कात टाकली. कपडे फोनवर मिळतात, म्हणून फोनवर मिळत नाही ते आणलं. घाटकोपरच्या आर सिटीत २०१३मध्ये किडझानिया आलं, २०२२मध्ये आयकिया. (विकायला मांडलेल्या सोफ्यावर बसून टाइमपास करणारे तुम्ही एकटे नाही!) सीवूड्सला तर मॉलच रेल्वे स्टेशनवर बांधलाय. लोकलमधून उतरलेला माणूस घरी जाताना त्याच्या दारावरूनच जातो.

दारावरच्या अटीही बदलत गेल्या. १५ ऑगस्ट २०२१पासून मॉल उघडायला परवानगी मिळाली, पण प्रवेश दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच. माझ्या वयाच्या कितीतरी जणांचा तेव्हा दुसरा डोस व्हायचा होता. कारण आरोग्याचं होतं, मान्य. तरी दाराबाहेर उभं राहण्याचा तो फील लक्षात राहिला.

आपल्याला आत सोडतात ना?

या लेखासाठी मुद्दाम आईला घेऊन एका नव्या, आलिशान मॉलमध्ये गेले. नाव राहू दे. दारात पोचल्यावर तिने हळूच विचारलं, ‘आपल्याला आत सोडतात ना गं?’ मुलुंडला ताठ मानेने एसी खायला जाणारी माझी आई! सोडलं, अर्थातच. सिक्युरिटीच्या ताईंनी पर्स तपासून हसून ‘नमस्ते’सुद्धा म्हटलं. पण आत गेल्यावर आईने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली ती सोडलीच नाही. एकाही वस्तूला हात लावला नाही.

तासाभराने तिचे गुडघे बोलायला लागले. पहिला मजला, दुसरा, तिसरा. बाकडं कुठेच नाही. एका कारंज्याच्या कठड्यावर ती टेकली, तर गार्ड अदबीने म्हणाला, ‘मॅडम, इथे बसू नका.’ त्याचा काय दोष? स्वतः तो बारा तास उभा. शेवटी कॅफेत शिरलो. दोन कॉफी, सहाशे चाळीस रुपये.

बिल बघून आई म्हणाली, ‘कॉफी बरी होती. बसायला महाग पडलं.’

क्रॉसरोड्सचं तिकीट साठ रुपयांचं होतं आणि त्यावर निदान भांडता तरी आलं, कारण ते दारावर होतं. आताचं तिकीट मेन्यू कार्डात छापलेलं असतं. त्याच्याशी भांडणार कसं?

परतताना दादरला स्लो लोकलची वाट बघत उभे होतो. एक बाक रिकामा झाला. आई पटकन बसली, शेजारी पर्स ठेवून तिने माझ्यासाठी जागा धरली आणि म्हणाली, ‘बस गं. इथे कुणी उठवत नाही.’

येत्या रविवारचा आमच्या ग्रुपचा प्लॅन ठरलाय. मॉलच. अजून दुसरी जागा सापडलेली नाही.