पंखा नसलेला पीसी

ॲमस्ट्रॅड पीसी १५१२ ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९८६ मध्ये बाजारात आला. एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि कृष्णधवल मॉनिटर असलेलं सर्वांत स्वस्त मॉडेल ३९९ पौंडांना, वर १५ टक्के व्हॅट. म्हणजे हातात पडेपर्यंत ४५९ पौंडांच्या घरात. माउस त्यातच, वेगळे पैसे नाहीत.

आत ८ मेगाहर्ट्झचा ८०८६ प्रोसेसर आणि ५१२ केबी मेमरी. आयबीएमचा मूळ पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, त्यामुळे हा स्वस्तातला भाऊ चक्क चपळ वाटे. सोबतच्या फ्लॉप्यांवर एमएस-डॉस, डॉस प्लस आणि चित्रांच्या खिडक्यांचं जेम.

काटकसरीची खरी गंमत मागच्या बाजूला दिसते. वीजपुरवठ्याचा भाग मॉनिटरमध्येच बसवलेला. मुख्य डबा त्याच्याकडूनच वीज घेतो. भिंतीला एकच प्लग, डब्यात पंख्याची घरघर नाही. पण मॉनिटर बिघडला की अख्खा संगणक ठप्प, आणि दुसऱ्या कंपनीचा मॉनिटर जोडायची सोय नाही. पंखा नाही म्हणजे यंत्र तापणार, अशी आवई उठली. अखेर कंपनीने पंखा बसवला. गरजेपेक्षा गिऱ्हाइकाच्या समाधानासाठीच म्हणा ना!

जॉयस्टिकची खाच कीबोर्डलाच. घड्याळ आणि सेटिंग जपायला मॉनिटरखालच्या खाचेत चार साधे पेन्सिल सेल. जुना १५१२ हाती लागलाच, तर आधी मॉनिटर उचलून ते सेल पाझरलेत का बघा.