खळ्यावरील अपघात व मालकाची जबाबदारी

सोयाबीनची मळणी सुरू झाली म्हणजे गांवोगांवीं यंत्रांची घरघर रात्रीं उशिरापर्यंत चालते. पावसाची धास्ती असते, मजूर पुरे मिळत नाहींत, आणि जे मिळतात त्यांची झोप पुरी झालेली नसते. अशाच एका रात्रीं, २०२१ सालीं, आमच्या शेजारच्या गांवीं एका बागायतदाराच्या स्वतःच्या मळणीयंत्रांत काड लोटतांना एका मजुराचा उजवा हात मनगटापासून गेला. मजुराचें वय ३५, मजुरी रोज ३०० रुपये. मालक मनुष्य चांगला. त्यानें स्वतःच्या गाडींतून त्यास शहरांत नेलें, इस्पितळाचा खर्च भरला, आणि महिन्याभरानें पंचांसमक्ष ६०,००० रुपये देऊन "यापुढें कांहींएक मागणार नाहीं" असा कागद शंभराच्या मुद्रांकावर करून घेतला.

तो कागद मीं लिहिला. मी त्या वेळीं महसूल कचेरींत कारकून होतों, व आसपासचे लोक लिहिण्याच्या कामासाठीं माझ्याकडे येत. पुरुषाचा आंगठा डाव्या हाताचा घेण्याची रीत आहे, म्हणून त्या बाबतींतही कांहीं अडलें नाहीं. मजकूर स्वच्छ, साक्षीदार दोन, सह्या जागच्या जागीं. व्यवहार पुरा झाला अशी माझी समजूत होती. ती सर्वस्वी चुकीची होती, व तिचा भुर्दंड मालक व मजूर या दोघांनाही पडला. वाचकांपैकीं कोणीं तीच चूक करूं नये म्हणून हें लिहीत आहें.

मजुरास कामावर असतांना व कामामुळें इजा झाली तर भरपाई देणें हें मालकाच्या दयेवर सोडलेलें नाहीं. १९२३ सालच्या कामगार भरपाईच्या कायद्यानें तें मालकाचें देणें ठरविलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिनें घेतली आहे; परंतु मूळ तत्त्वें बहुतांशीं तींच आहेत. हा कायदा गिरण्या-कारखान्यांचा, आपला त्याच्याशीं संबंध काय, असें पुष्कळ शेतकरी विचारतात. कायद्याच्या परिशिष्टांत ट्रॅक्टर वा विजेच्या यंत्रानें होणारी शेती, यंत्रानें कापणी व मळणी, आणि पिकांवर औषध फवारणें हीं कामें नमूद आहेत. रोजंदारीच्या मजुरास पूर्वीं कांहीं प्रसंगीं वगळतां येत असे; ती सवलत २००० सालच्या दुरुस्तीनें गेली. मजूर मुकादमाकरवीं आणला तरी मूळ मालक सहसा सुटत नाहीं; त्यानें भरपाई द्यावी व मग ती मुकादमाकडून वसूल करावी.

आतां हिशेब पाहूं. कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास महिन्याच्या वेतनाचे शेंकडा ६० धरून, त्यास वयाप्रमाणें ठरलेल्या आंकड्यानें गुणावयाचें. मृत्यूच्या बाबतींत शेंकडा ५० धरतात. ३५ व्या वर्षाचा आंकडा १९७.०६ आहे, वय कमी तितका तो मोठा. रोज ३०० म्हणजे महिना ९,०००. त्याचे शेंकडा ६० म्हणजे ५,४००. गुणाकार १०,६४,१२४ रुपये. एक हात गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा ६० घटली असें परिशिष्ट सांगतें, सबब भरपाई ६,३८,४७४ रुपये. नुसता आंगठा गेला तर शेंकडा ३०, एक डोळा गेला तर शेंकडा ४०. इजा तात्पुरती असून काम तीन दिवसांहून अधिक बुडालें तर दर पंधरवड्यास मासिक वेतनाचा चौथा हिस्सा द्यावा लागतो. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च याहून वेगळा.

आमच्या कागदांत ६,३८,४७४ च्या जागीं ६०,००० होते. मजुराच्या मेहुण्यानें शहरांत वकिलास विचारलें, व दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वीं अर्ज दाखल झाला. हक्क सोडून देण्याचा करार कायद्यानें रद्दबातल आहे. एकरकमी तडजोड अधिकाऱ्याकडे नोंदविलेली नसेल तर ती मालकास तारीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर अशा वेळीं पूर्वीं दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक वजावटही सहसा मिळत नाहीं. मालकास ३०,००० ची सूट मिळाली. बाकी रक्कम व्याजासह भरण्याचा हुकूम झाला. व्याजाचा दर शेंकडा १२. त्यास ओलिताची जमीन गहाण ठेवावी लागली. तो मला एवढेंच म्हणाला, "भाऊसाहेब, कागद तर तुम्हींच लिहिला होता." तिकडे मजुरानें मधल्या काळांत सावकाराचें कर्ज काढून घर चालविलें होतें. वेळेवर अधिकाऱ्यापुढें गेलों असतों तर दोन्हीं घरें वांचलीं असतीं.

मृत्यूच्या बाबतींत तर अधिक सावध राहावें. भरपाई अधिकाऱ्याकडेच भरावयाची असते. विधवेच्या हातीं दिलेला पैसा, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम सोडून, हिशेबीं धरला जात नाहीं.

मजुराचाच गाफीलपणा होता, हें उत्तर चालत नाहीं. तो दारूच्या अंमलांत होता, किंवा सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम त्यानें जाणूनबुजून मोडला, असें सिद्ध झाल्यास मालक सुटूं शकतो. परंतु मृत्यु वा कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास तेंही कारण चालत नाहीं. काम लवकर उरकावें म्हणून मालकानेंच यंत्राच्या तोंडाचा पत्रा काढून ठेविला असेल तर बोलावयासच नको. फवारणीचेंही तसेंच. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरलों नसूं. हातमोजे व तोंडास फडकें यांचा खर्च भरपाईपुढें कांहींच नाहीं.

आणखी एक गैरसमज काढून टाकणें जरूर आहे. सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तींत मृत्यूस दोन लाख व एक हात, पाय वा डोळा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. परंतु ती खातेदार व त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीपुरती आहे. ज्याचें नांव सातबाऱ्यावर नाहीं अशा मजुरास तिचा उपयोग नाहीं. त्याचा आधार मालकच.

म्हणून मळणीपूर्वीं हजेरीवहींत प्रत्येकाचें नांव, वय व मजुरी लिहावी. विमा कंपन्या मजुरांच्या भरपाईचा विमा उतरवितात, त्याची चौकशी करावी. ट्रॅक्टरच्या विम्यांत ट्रॉलींतील मजूर येतात असें गृहीत धरूं नये. अपघात झाल्यास प्रथम उपचार, मग लेखी नोंद, आणि तडजोड करावयाची तर ती कामगार खात्याच्या सक्षम अधिकाऱ्यापुढें. देणें महिन्याच्या आंत चुकतें केल्यास व्याज व दंड टळतो.

माझ्याकडे अजूनही लोक कागद लिहून घेण्यास येतात. वांटणीचा, उसनवारीचा लिहितों. अपघाताचा असेल तर लेखणी खालीं ठेवतों, आणि अधिकाऱ्याच्या कचेरीचा रस्ता सांगतों.